आस्टरबेकेचे शेवटचे साठ मीटर

रविवार, १६ मार्च

आज आस्टरबेकेच्या सायकल शर्यतीत वानेस जिंकला आणि तासाभरात हरला. डोकं ठिकाणावर नाही, तरी आठवतंय तोवर लिहून ठेवतो. मी स्मालहूक गावच्या आमच्या वानेस चाहता मंडळाचा चिटणीस. उद्या मारिएतच्या कॅफेत बारा जण बारा गोष्टी सांगतील आणि शेवटी मलाच विचारतील, ओडिल, नक्की झालं काय?

साडेदहालाच आम्ही आस्टरबेकेत पोचलो. शेवटच्या रेषेच्या साठ मीटर अलीकडे, जोड्यांच्या दुकानासमोर, आमची जागा ठरलेली. वानेस व्यावसायिक झाला त्याला अकरा वर्षं झाली, अकराही वर्षं आम्ही तिथेच. यंदा पदपथावर फ्राईजची गाडी आडवी लावून ठेवलेली, कामिलची चाकाची खुर्ची जाईना. कामिल आमचा मानद अध्यक्ष, जवानीत स्वतः शर्यती मारलेला माणूस, त्याला काय मागे लोकांच्या पाठी बघत बसवायचं? मग त्याला रस्त्यावरूनच आणला. बॅरिकेड एकमेकांना कड्यांनी जोडलेली होती. एकाची कडी काढली, फटीतून खुर्ची आत घेतली, बॅरिकेड ओढून घेतलं. अर्ध्या मिनिटाचं काम. बंदोबस्ताचा माणूस पलीकडे सॉसेज खात होता, त्याला पत्ताही लागला नाही.

शेवटी दोघेच उरले. आपला वानेस काल्लेवार्ट, वय एकतीस, आणि कालव्यापलीकडच्या ऊस्टमोरचा लुक हासब्राउक, वय चोवीस. वळणावर ते दिसले तसे आम्ही बॅरिकेडचे पत्रे बडवायला लागलो. हा आमचा रिवाज. बारा जणांचे चोवीस तळहात. वानेसला मान वर करावी लागत नाही, त्या आवाजावरून कळतं की साठ मीटर राहिले, आता काय असेल नसेल ते काढायचं. मागून गर्दीचा असा रेटा आला की आम्ही सगळे पाऊलभर पुढे गेलो. वानेसला इतक्या जवळून मी कधीच पाहिलं नव्हतं, पोटऱ्यांना चोळलेल्या तेलाचा वाससुद्धा आला. लुक त्याच्या आणि आमच्या मधून पुढे येत होता. तो आमच्या बॅरिकेडला घासला आणि डोक्यावरून पलटून पडला. बॅरिकेडही आडवं झालं.

वानेस रेषा ओलांडून पहिला. अकरा वर्षांत पहिल्यांदा! रोलां खाटकाने मला उचलून घेतलं, मी सत्तर किलोचा माणूस. आणि मग भोंग्यावर पंचांचा निर्णय: काल्लेवार्टने आपली रेघ सोडून प्रतिस्पर्ध्याला कडेला दाबलं, म्हणून त्याचा क्रमांक रद्द. लुकच्या मांडीचं हाड मोडलंय म्हणतात.

परतताना बसमध्ये कोणी गायलं नाही.

सोमवार, १७ मार्च

मारिएतने टीव्हीवरची शर्यत टेपवर घेऊन ठेवली होती. दुपारपासून तेच वीस सेकंद पुढे-मागे चाललंय. टेप थांबवली की पडदा थरथरतो आणि ज्याला जे हवं ते दिसतं.

"हे बघ, इथे कोपर बाहेर आलं," रोलां म्हणाला.

"कोपर? ती बाही आहे, वाऱ्याने फुगलेली," मी म्हटलं.

"ओडिल, सोळा वर्षांच्या पोरांच्या शर्यतीपासून मी वानेसची टोपी घालतोय. पण डोळे नाही गहाण टाकलेले. दोघांमधली जागा कमी होत गेली का नाही? मग कोण सरकलं? रस्ता सरकला?"

"लुक त्याच्यावर आला असेल."

"आणि मग उलट्या बाजूला पडला? तू चाळीस वर्षं गिरणीत माग दुरुस्त केलेस ना रे? तिथे पण असंच गणित होतं का?"

मारिएत ओरडली की भांडायचं तर अंगणात जा, पेले माझे आहेत. कामिलने फक्त एकदा टेप पुन्हा लावायला सांगितली आणि पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची नेली.

संध्याकाळी वानेसच्या बायकोचा फोन. सायकल महासंघासमोर गुरुवारी, २७ तारखेला सुनावणी आहे. दीड महिन्याची बंदी येऊ शकते. आणि संघाच्या व्यवस्थापकाने आत्ताच सांगून टाकलंय की बंदी आली तर पुढच्या वर्षीचा करार विसरा. एकतीस वर्षांच्या माणसाला दुसरा कोण घेणार? बापाबरोबर छपरांवर कौलं चढवायला जावं लागेल.

जेवण गेलं नाही. माझी बायको आग्नेस म्हणाली, "बंदी वानेसवर आहे की तुझ्यावर?"

बुधवार, १९ मार्च

वानेस स्वतः घरी आला. मला वाटलं होतं चिडलेला असेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

स्वयंपाकघरात बसला, कॉफी निवत ठेवली. म्हणाला, "काका, मी सरळ गेलो ना?"

"म्हणजे काय! अर्थात सरळ."

"तुम्ही तिथे होतात म्हणून विचारतोय. मला आधी खात्री होती. मग ती टेप इतक्या वेळा पाहिली की आता वाटतं, सरकलोही असेन. जिंकायची इतकी हाव होती ना. त्या क्षणी माणूस काय करतो ते त्याला तरी कुठे कळतं?"

काल तो दवाखान्यात लुकला बघायला गेला होता. लुकच्या आईने दारातच अडवलं. काही बोलली नाही म्हणे, नुसतं दार लावून घेतलं.

"बंदीचं जाऊ दे," तो म्हणाला, "पण मी त्याला पाडलं असेल तर पुन्हा गर्दीत सायकल घालायची हिंमत होणार नाही मला."

ह्या मुलाला मी तो दहा वर्षांचा असल्यापासून ओळखतो. त्याच्या पहिल्या सायकलची साखळी मी जोडली. त्याच्या पाठीवर हात ठेवून शब्द दिला की सिद्ध करून दाखवीन. कसं, ते मला तरी कुठे ठाऊक होतं? पण तो गेल्यावर मारिएतची टेप मागून घेतली आणि दुकानातून ती बघायचं यंत्र भाड्याने आणलं. आग्नेसने कपाळाला हात लावला.

शुक्रवार, २१ मार्च

सापडलं! सापडलं!

आस्टरबेकेचा तो रस्ता काँक्रीटचा आहे आणि मधून डांबर भरलेला लांबलचक सांधा जातो. टेपवर तो काळ्या दोऱ्यासारखा दिसतो. कोपरं, बाह्या, खांदे ह्यांच्या नादात कोणी खाली पाहिलंच नव्हतं. वानेसचं पुढचं चाक शेवटच्या दोनशे मीटरमध्ये त्या सांध्यावरून बोटभरसुद्धा हललेलं नाही. गाडी रुळावरून जावी तसा गेलाय पोरगा.

सकाळच्या बसने तिथे गेलो आणि गिरणीतली जुनी मोजपट्टी लावली. सांध्यापासून कडेच्या दगडापर्यंत एक मीटर साठ सेंटिमीटर. एवढ्यातून लुक सहज निघून गेला असता. टेपवर मात्र तो बॅरिकेडला लागतो तेव्हा जागा जेमतेम मीटरभर उरलेली दिसते. म्हणजे वानेस सरकला नाही, बॅरिकेडच कडेच्या दगडापासून अर्धा मीटर रस्त्यात आलेलं होतं! आणि जमिनीवर खूणही आहे. बॅरिकेडच्या लोखंडी पायाने काँक्रीट खरवडलंय, पांढरी रेघ, थेट जोड्यांच्या दुकानासमोर. पंचांना वाटलं लुक आदळला म्हणून बॅरिकेड हललं. ते आधीच रस्त्यात आलेलं होतं.

ज्यांनी बॅरिकेड लावली त्यांची ही हलगर्जी. माणसाचं हाड मोडलं आणि आळ आमच्या मुलावर! महासंघाला चार पानी पत्र लिहिलंय, आकृतीसकट. इतका हलका मी आठवडाभरात नव्हतो. येताना आग्नेससाठी बदामाची बिस्किटं घेतली.

शनिवार, २२ मार्च

कॅफेत उभं राहून पत्र वाचलं. शेवटच्या ओळीला टाळ्या पडल्या. रोलांचे डोळे भरून आले. म्हणाला, "मी नालायक आहे, मी आपल्याच पोरावर संशय घेतला." मग सगळ्यांना बिअर त्याच्याकडून. लगेच दुसरा वाद सुरू, की बॅरिकेड नसतं लागलं तरी लुक मागेच राहिला असता का. सगळ्यांचं मत एकच: तो संपलेला होता, त्याच्या पायात काही उरलं नव्हतं. मीही मान डोलावली.

निघताना कामिलने माझी बाही धरली. "पत्र दोन दिवस थांबव."

"का?"

"मी म्हणतोय म्हणून."

"कामिल, सुनावणी गुरुवारी आहे. दोन दिवस थांबलो तर पोचेल कधी?"

त्याने बाही सोडली. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. माणूस म्हातारा झाला की दुसऱ्याचं यश त्याला बघवत नाही का? पत्र वाटेतच पेटीत टाकलं.

घरी आग्नेसला सगळं रंगवून सांगितलं. ती बटाटे सोलत होती. विचारलं, "ते रस्त्यात आलेलं बॅरिकेड नेमकं कुठलं?"

"आमच्या समोरचंच."

"बरं," ती म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला. बायकांना ह्या खेळातलं काही कळत नाही, पण निदान तोंडदेखला आनंद तरी दाखवायचा.

सोमवार, २४ मार्च

संध्याकाळी महासंघाच्या कचेरीतून देक्लर्क साहेबांचा फोन. फार अदबीने बोलले. पत्र सकाळच्या टपालाने मिळालं, महत्त्वाचं आहे म्हणाले, मोजमापं त्यांच्या माणसाने लगेच जाऊन तपासली, बरोबर निघाली. बॅरिकेड लावणाऱ्या मुकादमालाही आता गुरुवारी बोलावलंय. स्टाफ नावाचा कोणी आहे, तीन मुलांचा बाप. तो शपथेवर सांगतोय की सकाळी नऊ वाजता प्रत्येक कडी त्याने स्वतः हाताने ओढून पाहिली होती. पण आता कंत्राटदार त्याला ठेवणार नाही असं दिसतंय.

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो.

"तुम्हाला ती जागा इतकी अचूक कशी माहीत?" त्यांनी विचारलं.

"आमचं मंडळ तिथेच उभं होतं ना! अकरा वर्षं तिथेच उभं राहतंय."

त्यांनी ते पुन्हा सांगायला लावून लिहून घेतलं. मग आभार मानून फोन ठेवला. कचेरीतली माणसं, दुसरं काय. पण रात्री दोनदा मोजपट्टी बाहेर काढली आणि परत ठेवली.

मंगळवार, २५ मार्च

कामिलकडे गेलो होतो. त्याने बोलावलं नव्हतं.

दारातच त्याने विचारलं, "कडी लावलीस का रे?"

कुठली कडी, असं मी विचारलं नाही.

फटीतून खुर्ची आत घेतलेली आठवते. बॅरिकेड ओढलेलं आठवतं. कामिलच्या मांडीवरचं पांघरूण चाकात अडकेल म्हणून वाकून सारखं केलं, तेही आठवतं. कडी बसल्याचा खट् आवाज आठवत नाही. चाळीस वर्षं मी त्या आवाजावर पोट भरलं. प्रत्येक मागाची खीळ बसवून कान देत होतो, खट् झाल्याशिवाय पट्टा सोडला नाही कधी.

कडी सुटलेलं बॅरिकेड. चोवीस तळहात. मागून रेटा.

"कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीच. टेपवर. तुम्ही बडवता आणि तो पत्रा दर वेळी थोडा पुढे येतो." मग म्हणाला, "खुर्ची माझी होती, ओडिल. निम्मं माझं."

"तुझं काही नाही. तू बसलेला होतास."

"बसूनच असतो मी. ऐक. हे दोघांनाच माहीत आहे. मी आता किती दिवसांचा? तू गप्प बसलास तर वानेसला त्याचा विजय परत मिळतो. तू बोललास तर बंदी टळेल, पण विजय कायमचा गेला. स्वतःच्याच मंडळाने दुसऱ्याला पाडून मिळवलेला विजय कोण देणार त्याला?"

"आणि तो मुकादम?"

कामिल खिडकीबाहेर बघायला लागला. मी घरी आलो.

बुधवार, २६ मार्च

आग्नेसला सांगितलं. तिला शनिवारपासूनच माहीत होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"आकृत्या काढून, चार पानं लिहून हात दाखवून अवलक्षण करणारा नवरा माझा! त्याच्या आनंदात किती वेळा पाणी ओतू? वाटलं, स्वतः चढलाय तर स्वतः उतरेल."

मी म्हणालो, मला भीती वाटते. लुकची नाही, महासंघाचीही नाही. वानेस माझ्याकडे बघेल त्याची. अकरा वर्षं त्याच्यामागे धावलो, त्याच्या जिंकण्याची ह्याच्यासाठीच वाट बघितली का? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आग्नेसने सूट बाहेर काढला आणि खांद्यावरचा धागा तोडला. "सातची गाडी आहे," ती म्हणाली.

गुरुवार, २७ मार्च

ब्रुसेल्स. दुसऱ्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, पलीकडे पाच जण. एका बाजूला वानेस आणि त्याचा व्यवस्थापक. दुसऱ्या बाजूला टोपी मांडीवर धरून एक रुंद माणूस, तोच स्टाफ. त्याचे हात माझ्यासारखेच होते, नखांत काळं मुरलेले.

देक्लर्क साहेबांनी माझं पत्र वाचायला घेतलं. मी मध्येच उभा राहिलो. म्हणालो, पत्रातलं मोजमाप सगळं खरं आहे, पण दिलेलं कारण खोटं आहे. कडी मी काढली. परत लावली नाही. आणि बॅरिकेड आम्ही ढकललं, मुद्दाम नाही, पण आम्हीच. इतकं बोलायला मला वाटतं अर्धं मिनिटच लागलं. स्टाफने डोळे मिटून घेतले. मी वानेसकडे पाहिलं नाही.

निकाल तासाभरात आला. वानेसवर बंदी नाही, ठपका नाही. विजय मात्र परत नाही, दोघांच्या मागून रेषेवर आलेला माणूस पहिला ठरला. मंडळाला दोन वर्षं कुठल्याही शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात उभं राहायला मनाई. स्टाफ जाताना माझ्यासमोर थांबला, टोपी घातली आणि म्हणाला, "चार दिवस माझी बायको रडतेय." एवढंच. मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

वानेस जिन्यात भेटला. मी रेलिंगला धरून उभा होतो.

"म्हणजे मी सरळच गेलो होतो," तो म्हणाला.

"बोटभर हलला नाहीस."

तो पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. व्यवस्थापक खाली गाडी काढायला गेला होता. मग वानेस म्हणाला, "काका, मी आयुष्यात एकदा पहिला आलो हो."

मी त्याच्या शेजारी बसू लागलो, तर त्याने हात वर केला. "आज नको. नंतर या कधीतरी. आज नको."

शुक्रवार, २८ मार्च

कॅफेत गेलो, चिटणीसपदाचा राजीनामा मारिएतच्या हातात दिला. रोलां म्हणाला, "बारा जण ढकलत होतो, तू एकटा कसा काय जातोस?" पण कोणी कागद फाडलाही नाही.

शनिवार, २९ मार्च

दवाखान्यात गेलो. लुकच्या आईने दार उघडलं. मी नाव सांगितलं, स्मालहूकचा ओडिल, बॅरिकेड माझं. ती वर्तमानपत्रात सगळं वाचून होती. ती दारातून बाजूला झाली.

लुकचा पाय वजनं लावून टांगलेला. जवळून फारच कोवळा दिसतो, दाढीसुद्धा धड आलेली नाही. मी जे बोलायचं ठरवून गेलो होतो ते बोललो. त्याने ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाला नाही, शिव्याही दिल्या नाहीत. डॉक्टर म्हणतात सायकल चालवता येईल, पण तशी शेवटची धाव पुन्हा मारता येईल का, ते कोणी सांगत नाही.

मग त्याने विचारलं, "टेपवर माझं चाक त्याच्या मागे झाकलं जातं. मी शंभर वेळा पाहिली, कळत नाही. तुम्ही बाजूने बघत होतात, दोन हातांवरून. मी जिंकलो असतो का?"

खोलीत त्याची आई होती. खिडकीत कोणीतरी आणलेली ऊस्टमोर मंडळाची निळी टोपी होती. कॅफेत आम्ही बारा जणांनी एकमताने ठरवून टाकलं होतं की हा पोरगा संपलेला होता. मीही मान डोलावली होती. आणि तेव्हाही मला खरं काय ते माहीत होतं.

"हो," मी म्हणालो. "त्याचे पाय भरून आले होते. तुझे नव्हते. रेषेवर तू अर्ध्या चाकाने पुढे असतास."

त्याने डोळे मिटले आणि मान हलवली. त्याच्या आईने खुर्ची पुढे ओढली आणि मला बसायला सांगितलं.